हजेरीतला ओढा

जांभळगव्हाणच्या शाळेतल्या कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी तातेरावांचे मत घेण्याची गावात पद्धत होती. न घेतल्यास ते स्वतः येऊन देत असत, तेव्हा आधीच घेतलेले बरे, हा त्यामागचा अनुभव. त्यामुळे त्या शनिवारी मुलांना चित्रपट दाखवायचे ठरल्यावर मुख्याध्यापक हरीश सरांनी प्रोजेक्टर मागवला आणि तातेरावांना निरोप धाडला.

तातेराव म्हणजे तंत्रनिकेतनातले स्थापत्य पदविकाधारक. चौतीस वर्षे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मात्र कालवा अजून त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. पडदा म्हणून त्यांनी पत्नी शालूबाईंची पांढरी चादर आणली, ओळंबा लावून ती टांगली, पाणसळीने खालची कड तपासली आणि जमिनीपासून चोवीस इंच अशी उंची वहीत टिपून घेतली. चादर वाऱ्याने हलली, तेव्हा त्यांनी वाऱ्याकडेही नापसंतीने पाहिले.

चित्रपट परदेशातला होता. काळ्या कातडीच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत, त्यांच्या गाडीत, त्यांच्या नळावरही मज्जाव असलेला तो काळ. अशा एका लहानशा कॉलेजातली मुले वादविवाद शिकतात, अपमान गिळतात आणि शेवटी भरल्या सभागृहात बोलायला उभी राहतात. संभाषण परभाषेतले, पण पडद्याच्या तळाशी मराठी अक्षरे येत होती. शेवटच्या भाषणाला हरीश सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तातेरावांनी डोळे पुसले नाहीत. नाक मात्र दोनदा शिंकरले.

"काय अन्याय हो काका, त्या देशांत!" सर म्हणाले. "माणसा-माणसांत एवढं अंतर!"

"निव्वळ अव्यवस्था," तातेराव म्हणाले. त्यांच्या कोशात याहून कडक शब्द नव्हता.

पोरे पांगल्यावर चादर सोडायला एक मुलगी मागे थांबली. दहावीतली शिवकन्या, टेकडीपलीकडच्या तांड्यावरची, थावरा कारभाऱ्याची नात. गाठ सोडता सोडता तिने विचारले, "आजोबा, शेवटी तो पोरगा काय बोलला ओ?"

"म्हणजे? एवढा वेळ पाहिलंस काय मग?"

"पाहिलं ना. समदे रडून राहिले ते पाहिलं. पण काहून रडून राहिले ते कळालं न्हाई. आमाला खालची अक्षरंच दिसली न्हाईत."

तातेराव जागच्या जागी थबकले. प्रश्न तांत्रिक होता, आणि तांत्रिक प्रश्न ऐकला की त्यांना तरतरी येत असे. त्यांनी शिवकन्येला सतरंजीवर बसवून टेपने मोजले. बसलेल्या मुलाचे डोके तीस इंचांवर. पडद्याची कड चोवीस इंचांवर. म्हणजे पुढच्या ओळींची डोकी अक्षरांच्या आड. "माझीच चूक," ते उदारपणे म्हणाले. "पुढच्या वेळी पडदा चौदा इंच वर घेऊ. अडचण संपली."

"न्हाईतर आमी म्होरं बसलो तरी संपल की," शिवकन्या म्हणाली.

हा उपाय चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी सुचवला नव्हता.

"मग बसला का नाहीत पुढे?"

"हजेरीच्या नंबरानं बसवत्यात. गावची पोरं एक ते तेवीस. तांड्याची चोवीस ते अडतीस. मी पस्तीस." चादरीची घडी घालत ती पुढे बोलत राहिली. तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेची निवडही नंबरानेच होते. दहाव्या-बाराव्या नंबरापर्यंत तास संपतो, दोन नावे ठरतात आणि घंटा होते. तांड्याच्या नंबराला आजवर बोलायची पाळीच आलेली नाही. तांड्याच्या मुलींना आरशाचा घागरा घालून नाचायला पाठवतात. "सर म्हणत्यात, तुमी नाचता लई छान. व्हय, नाचतो आमी छान. पण मी बोलते बी छान, आजोबा. औंदा दहावी. म्होरल्या साली मी ह्या शाळेत न्हाई. औंदा न्हाई बोलले तर झालंच."

तिने घडी त्यांच्या हाती दिली. कोपऱ्याला कोपरा अचूक जुळलेला होता. एवढ्यावरच तातेराव तिच्या पक्षात गेले.

सोमवारी त्यांनी दोन आलेखकागद, एक स्टॉपवॉच आणि टेबलावरची पितळी घंटी पिशवीत घातली व तांड्याचा रस्ता धरला. चार मिनिटांच्या भाषणाचा आराखडा त्यांनी रविवारीच काढला होता: प्रास्ताविक तीस सेकंद, तीन मुद्दे प्रत्येकी साठ, समारोप तीस. मुद्द्यांना त्यांनी रंगही दिले होते.

थावरा कारभारी अंगणात बाजेवर बसला होता. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "सायेब, ह्यात समोरच्याची बाजू कोणत्या रंगात हाय?"

"समोरच्याची बाजू समोरचा मांडेल ना! आपण आपली मांडायची."

"आमच्या बैठकीत तसं न्हाई चालत." थावराने कागद बाजेवर ठेवला. "दोघांचं भांडण आलं, का ज्याला बोलायचं त्यानं आदी दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगायचं. असं सांगायचं, का त्यो दुसरा म्हणला पायजे, बराबर. त्यो बराबर म्हणस्तोवर आपलं तोंड उघडायचं न्हाई."

"आणि त्याने म्हटलंच नाही तर?"

"म्हणस्तोवर सांगायचं. माज्या बानं एका बैलाच्या भांडणात तीन दिस सांगितलं."

"थावराभाऊ, इथे चार मिनिटं आहेत!"

"म्हणून तर तुमच्याकडची भांडणं मिटत न्हाईत," आतून शिवकन्येच्या आजीचा, भिकाबाईचा आवाज आला. तिने चहाचे पेले आणले आणि आलेखकागदावरच ठेवले. हिरव्या मुद्द्यावर एक गोल उमटला.

आठ दिवस तातेराव रोज सकाळी तांड्यावर जात राहिले. ते घंटी वाजवीत, थावरा वाजू देत असे, आणि मग नातीला म्हणे, "हां, आता समोरच्याचं राहिलेलं सांग." शिवकन्येने दोघांचेही ऐकले. आजोबांची रीत तिने ठेवली; तातेरावांचे घड्याळही ठेवले; आणि एका मिनिटात मावणारे बोलणे अर्ध्या मिनिटात कसे मांडायचे, हे तिसरेच काहीतरी स्वतः शिकून घेतले. तातेरावांनी या सुधारणेचे श्रेय आराखड्याला दिले.

एवढे झाल्यावर ते हरीश सरांकडे गेले आणि ठणकावून म्हणाले, "सर, हा हजेरीचा क्रम कुणी लावला? ना वर्णानुक्रम, ना उंची, ना गुण. गाव आधी, तांडा मागे! असला क्रम कोणत्या शहाण्याने काढला?"

हरीश सर भले गृहस्थ होते. त्यांनी कपाट उघडले, एक जुनी फाइल काढली आणि पान काढून अदबीने पुढे सरकवले.

"कार्यसुलभतेसाठी सर्व वर्गांच्या हजेरीपटात जांभळगव्हाण येथील विद्यार्थ्यांची नावे प्रथम व तांड्यावरील विद्यार्थ्यांची नावे तदनंतर घेण्यात यावीत." साल दोन हजार बारा. खाली शाळा समितीच्या अध्यक्षांची सही. सही वळणदार, सुवाच्य, आणि तिच्याखाली पट्टीने मारलेली रेघ. पट्टीने रेघ मारणारा जांभळगव्हाणात एकच माणूस होता.

"निवृत्त झाल्याबरोबर तुम्ही अध्यक्ष झाला होतात, काका," सर खाली मान घालून म्हणाले. हसू आवरण्यासाठी त्यांना मान खालीच ठेवावी लागली.

"कशासाठी केलं असेल मी हे?"

"कार्यसुलभतेसाठी."

"ते वाचलं मी. पण कोणत्या कार्यासाठी?"

हे फाइलीत नव्हते. तातेरावांनी स्वतःच घालून दिलेल्या शिस्तीनुसार ठरावात कारण दोन शब्दांपेक्षा अधिक लिहायचे नसे.

"क्रम बदलायचा तर समितीच बदलू शकते," सर म्हणाले. "शुक्रवारी बैठक आहे. नीलाबाई अध्यक्ष आहेत. मुलीला तिथेच बोलू द्या. समितीला पटलं तर निवडीसाठी सगळ्या वर्गाचं ऐकू. नाही पटलं तर नेहमीप्रमाणे. आता विरुद्ध बाजूने कुणीतरी हवं..." सरांनी ठरावाच्या पानावर बोट ठेवले. "ठराव तुमचा आहे. बाजूही तुम्हीच मांडा."

घरी शालूबाईंनी सगळे शांतपणे ऐकले. "म्हणजे पोरीला बोलायला शिकवलं तुम्ही, पोरीचं तोंड बंद केलं तुम्ही, आणि शुक्रवारी पोरीशी भांडायचंही तुम्हीच," त्या म्हणाल्या. "बाकी कुणाला काही काम ठेवलंय का गावात?"

तातेराव त्या दिवशी जेवणावर बोलले नाहीत; भाजीत मीठ कमी असतानाही बोलले नाहीत. शालूबाईंनी ओळखले, की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या सकाळी ते तांड्यावर गेले ते घंटी न घेता. अंगणात उभे राहून, ठराव वाचावा तशा आवाजात त्यांनी सांगितले, "थावराभाऊ, शिवकन्या. तो क्रम माझ्याच सहीचा आहे. मला आठवत नव्हतं. पण सही माझी आहे."

थावराने भिकाबाईकडे पाहिले. भिकाबाईने पदर तोंडाला लावला.

"आमाला म्हाईत हाय की," थावरा म्हणाला.

"कधीपासून?"

"बारा सालापासून."

"मग आठ दिवस बोलला नाहीत ते?"

"तुमी रोज येऊन इतकं तळमळून सांगत होता, का ज्यानं ह्यो नंबर काढला त्यो मानूस किती आडमुठा असंल म्हणून," भिकाबाई म्हणाली. "आमाला तुमचं मन मोडवंना."

तातेराव बाजेवर बसले. बराच वेळ त्यांनी काही मोजले नाही.

"पण मी तसं का केलं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

थावराने मान हलवली. होय की नाही, ते कळू दिले नाही. "बैठकीतलं बैठकीत," तो म्हणाला. शिवकन्या चुलीपाशी होती. लाकूड पुढे सारता सारता ती स्वतःशीच हसली, आणि तातेरावांना ते हसू प्रास्ताविकासारखे वाटले.

शुक्रवारी शाळेच्या मोठ्या खोलीत समितीचे पाच जण खुर्च्यांवर बसले. मध्ये नीलाबाई, हळदीचे शेत स्वतः पाहणारी, कमी बोलणारी बाई. समोर दहावीचा वर्ग, नंबराप्रमाणे. थावरा दाराशी उकिडवा बसला होता. नीलाबाईंनी त्याला खुर्ची द्यायला लावली, तेव्हा तो खुर्चीवर उकिडवा बसला. घंटी आणि घड्याळ हरीश सरांच्या ताब्यात होते. तातेरावांनी खिशात पाच मुद्दे लिहून आणले होते. बाजू कोणतीही असो, ती अर्धवट मांडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

शिवकन्या उभी राहिली. "सुरू," सर म्हणाले.

"मी आदी तातेराव आजोबांची बाजू सांगते," ती म्हणाली. वर्गात खुसखुस झाली. पहिल्या ओळीतला दिपक, नंबर सात, गेली दोन वर्षे स्पर्धेला जाणारा, मोठ्याने म्हणाला, "अगं, तू त्यांच्या विरोधात हाईस!"

"गप रे, सात नंबर," नीलाबाई म्हणाल्या.

"बारा साली तांड्याच्या रस्त्यावर ओढा होता," शिवकन्या सांगू लागली. "पावसाळ्यात त्यो भरला, का पोरांनी दप्तर डोक्यावर घ्यायचं न्हाईतर वळसा मारायचा. शाळा साडेधाची. पोरं पावणेअकराला यायची, वल्ली. तवर हजेरी झालेली. समद्यांची गैरहजेरी. माजा विकासकाका आठवीत होता. वर्षात एकशेधा दिवस शाळेत आला आन् कागदावर एकोणतीस. त्याचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला. थावरा आजोबा शाळेत आले, तर त्यांना सांगितलं, पट म्हणतो पोरगं आलंच न्हाई."

तातेराव तिच्याकडे टक लावून पाहत होते.

"तवा तातेराव आजोबा एका सकाळी स्वतः ओढ्यावर गेले. छत्री घेऊन. घड्याळ लावून उभे राह्यले. पोरांना किती मिनिटं लागत्यात ते मोजलं. सतरा. मग त्यांनी असं लावलं, का आदी गावची हजेरी, मग प्रार्थना, मग बातम्या, आन् शेवटाला तांड्याची हजेरी. म्हणजे सतरा मिनिटं निघून जातील. त्या सालापासून तांड्याचं एक बी पोरगं कागदावर गैरहजर पडलं न्हाई. काका दहावी झाला." ती त्यांच्याकडे वळली. "ही तुमची बाजू. बराबर?"

तातेरावांना छत्री आठवली. पायाशी वाहणारे गढूळ पाणी, आणि दप्तर डोक्यावर घेतलेले, दात वाजत असलेले एक पोरगे आठवले. खिशातल्या पाच मुद्द्यांत यातला एकही नव्हता.

"बरोबर," ते म्हणाले.

"बराबर म्हणले!" थावरा खुर्चीवरून म्हणाला. "आता तुजं."

"तीन मिनिटं झाली," हरीश सरांनी कळवले.

"मग मला एक उरलं," शिवकन्या म्हणाली. "एकोणीस साली ओढ्यावर पूल झाला. आता आमी सव्वाधालाच येतो. दिपक शाळेच्या भिंतीला लागून राहतो, त्यो पावणेअकराला येतो." दिपकने आढ्याकडे पाहिले. "रस्त्यावरचा ओढा गेला. हजेरीतला अजून वाहून राहिला. त्याच्या ह्या बाजूला बोलणारे, त्या बाजूला नाचणारे. कुणी वाईट न्हाई. सर वाईट न्हाईत, आजोबा तर न्हाईतच. पण आमी पार झालो तरी आमचे नंबर तिकडंच..."

घंटी वाजली. ती वाक्याच्या मध्येच थांबली. शिस्त तातेरावांनीच शिकवली होती: घंटी झाली की शब्दही पुढे न्यायचा नाही. त्यांना पहिल्यांदाच त्या घंटीचा राग आला.

"आता काका," सर म्हणाले. "चार मिनिटं."

तातेराव उठले. खिशातला कागद काढला, चष्मा लावला, आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवले.

"सायेब," दारातून थावरा म्हणाला, "आदी तिची बाजू."

तातेरावांनी नीलाबाईंकडे पाहिले. "रीत आहे तर आहे," नीलाबाई म्हणाल्या.

"ठीक आहे. थोडक्यात सांगतो." आणि तातेरावांनी थोडक्यात सांगायला सुरुवात केली. तांड्याची मुले आता वेळेवर येतात, सबब क्रमाचे मूळ प्रयोजन संपले आहे, असे या मुलीचे म्हणणे. "बरोबर?"

"न्हाई आजोबा. अजून राहिलं."

तेव्हा तातेरावांनी बसण्याच्या ओळी घेतल्या. कोण पुढे, कोण मागे. मग, नेमकेपणाची सवय म्हणून, चित्रपटाचा दिवस घेतला: पडदा चोवीस इंचांवर, डोके तीस इंचांवर, आणि पंधरा मुलांनी अन्यायावरचा अख्खा चित्रपट दुसऱ्यांच्या डोक्यांच्या मागून पाहिला. हे आकडे आपण वहीत काळजीपूर्वक टिपले होते आणि त्यांचा अर्थ मात्र टिपला नव्हता, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. हरीश सर चष्मा पुसू लागले. "बरोबर?"

"अजून हाय."

"नाच," मागून कुणीतरी म्हणाले. मग तातेरावांनी नाच घेतला. गेल्या बारा वर्षांत स्पर्धेला पाठवलेली चोवीस नावे त्यांनी सकाळीच फाइलीतून उतरवून घेतली होती, खरे तर क्रम कसा सुरळीत चालला आहे, ते दाखवण्यासाठी. ती त्यांनी आता वाचली. चोवीसांत तांड्याचे नाव एकही नव्हते. वाचता वाचता त्यांनाच ते ऐकू आले. ते थांबले, आणि आलेखकागदावर कुठेही नसलेले वाक्य त्यांच्या तोंडून गेले.

"मी त्या मुलांना हजेरीत घेण्यासाठी शेवटी ठेवलं. आणि शेवटी ठेवलं म्हणून त्यांचं ऐकायचं राहून गेलं. पूल झाल्याच्या दिवशीच मी ते कागद परत उघडायला हवे होते. पुलाच्या उद्घाटनाला मी होतो. कठडा दोन सूत वाकडा आहे, हे मी तिथे सगळ्यांना सांगितलं. हे सांगितलं नाही." त्यांनी शिवकन्येकडे पाहिले. "बरोबर?"

शिवकन्येचे डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनी बराबर म्हणायचे नाही, असे थावराने शिकवले असावे. तिने ओढणीने डोळे कोरडे केले.

"बराबर," ती म्हणाली.

त्याच क्षणी घंटी वाजली.

"अहो, पण माझी बाजू!" तातेराव म्हणाले. पाचही मुद्दे त्यांच्या हातात तसेच होते.

"वेळ संपली, काका," हरीश सर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही, उघड हसले. वर्ग हसला, आढ्याकडे पाहणारा दिपकही हसला. थावरा इतका हसला, की खुर्चीवरून उतरून जमिनीवरच बसला. तिथे त्याला बरेही वाटले.

नीलाबाईंनी बाकीच्या चौघांकडे एकेकदा पाहिले. मते घ्यायला तेवढे पुरले. "नंबर वर्णानुक्रमानं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. निवडीला समद्यांचं ऐकायचं. तास संपला तर दुसऱ्या दिवशी, दुसरा संपला तर तिसऱ्या."

अडतीस जणांचे ऐकायला तीन दिवस लागले. हरीश सरांनी कबूल केले, की घंटेमुळे ज्यांची पाळी कधी आलीच नव्हती, असे गावचेही पाच-सहा चांगले वक्ते त्यांना पहिल्यांदाच कळले. वर्णानुक्रमात शिवकन्या चौतिसावी आली. म्हणजे एका नंबराने वर सरकली. तातेरावांनी हे तिला हळूच सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "चालतंय आजोबा. मागं बसण्यात न्हाई काही. तिथंच ठिवण्यात हाय."

चौथ्या दिवशी फलकावर दोन नावे लागली: शिवकन्या आणि, दुसरा, दिपक. दिपकने ते वाचले, खाली नाचाच्या संघाची यादी वाचली, आणि तिथेही स्वतःचे नाव पाहून किंचाळला. नीलाबाईंचा हुकूम होता, की नाचालाही समद्यांनाच घ्यायचे.

"सर, मला नाचता येत न्हाई!"

"आमी शिकवतो की," शिवकन्या म्हणाली. "पण आदी तू नाचाची बाजू सांग. मी बराबर म्हणस्तोवर सांग."

बाजूला उभे असलेले तातेराव घड्याळ काढू लागले होते. त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवले आणि दिपकचे ऐकायला भिंतीला टेकून उभे राहिले.